वाटेत भेटलेल्या कुत्र्याचं पोर्ट्रेट: क्रम चुकला की फोटो चुकतो

कुत्रा दिसला की आपण आधी कॅमेरा काढतो. चार पावलं पुढे जाऊन उभ्याउभ्याच फोटो घेतो आणि रात्री मुक्कामावर पोचल्यावर एडिटिंगमध्ये तो वाचवत बसतो. वरून घेतल्यामुळे डोकं मोठं, पाय आखूड, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि मागे कुणाच्या तरी मोटारसायकलचं चाक. असा फोटो कुठलाही फिल्टर वाचवत नाही.

खरा क्रम उलटा आहे. आधी उजेड, मग मागचं दृश्य, मग आपली बसायची जागा, मग कॅमेऱ्याची सेटिंग आणि कुत्रा सगळ्यात शेवटी. एडिटिंगलाही असाच क्रम आहे: दुरुस्ती आधी, कल्पकता नंतर. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. कॅमेरा असो की मोबाइल, क्रम तोच. फरक पडतो तिथे वेगळं सांगितलं आहे.

## टप्पा १: घरून निघताना

बॅग हलकी ठेवा. कुत्र्यांसाठी ५० किंवा ८५ मिमीची एक लेन्स आणि अंतर ठेवावं लागेल तेव्हासाठी ७०–३०० सारखी एक झूम, एवढं पुरे. मोबाइल असेल तर २एक्स किंवा ३एक्सची लेन्स वापरायची सवय आधीच घरी लावून घ्या. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने जवळून फोटो घेतला की नाक बटाट्याएवढं दिसतं. गंमत म्हणून ठीक आहे, पण ते पोर्ट्रेट नव्हे.

बसायला जाड प्लास्टिकचा तुकडा किंवा जुनं पोतं घ्या. ही या यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आहे, कारण तुमचा बराचसा वेळ जमिनीवर जाणार आहे. लेन्स पुसायचं कापड दोन पिशव्यांत दोन ठेवा, म्हणजे ओल्या नाकाने लेन्स पुसली गेली तरी अडणार नाही.

कॅमेऱ्यात फॉरमॅट ‘रॉ’ (सेन्सरने टिपलेली माहिती न दाबता ठेवणारी फाइल) करून ठेवा. काळ्या आणि पांढऱ्या केसांतला तपशील एडिटिंगमध्ये परत आणायचा असेल तर जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबलेल्या फाइलमध्ये, फार कमी वाव असतो.

कोकणात किंवा गोव्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका. थंड काचेवर लगेच वाफ धरते. बॅग बंद ठेवूनच गाडीबाहेर आणा आणि वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्या.

इशारा: खाऊ म्हणून चॉकलेट, द्राक्षं, मनुके आणि कांदा घातलेलं काहीही नेऊ नका. हे कुत्र्यांना विषारी ठरू शकतं. शिजवलेल्या कोंबडीची हाडंही नकोत, ती तुटताना टोकदार होतात. साधी भाकरी किंवा पोळी चालते.

## टप्पा २: जागा आणि उजेड आधी ठरवा

पोचल्यावर कुत्रा शोधत फिरू नका, कुत्रे तुम्हाला शोधतातच. तुम्ही आधी जागा शोधा. ती तीन कसोट्यांवर उतरली पाहिजे.

पहिली, उजेड कुठून येतो. दुपारी बारा ते तीन उघड्यावर पोर्ट्रेट घेऊ नका. कपाळाची सावली डोळ्यांत पडते आणि डोळे मरतात. त्या वेळी सावलीची कड गाठा. कोकणातल्या घराची पडवी यासाठी उत्तम. कुत्रा पडवीच्या कडेला, तोंड उन्हातल्या अंगणाकडे. अंगणावर पडलेलं ऊन परतून त्याच्या चेहऱ्यावर मऊ उजेड टाकतं आणि डोळ्यांत चमक येते. एक लक्षात ठेवा, अंगण जांभ्याचं किंवा लाल मातीचं असेल तर तोच उजेड लालसर होऊन येतो आणि पांढऱ्या छातीवर गुलाबी झाक पडते. ती टप्पा ७ मध्ये काढू, पण जागेवर दिसली पाहिजे.

दुसरी, मागे काय आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर इथेच सगळे फसतात. बेसॉल्टचा दगड काळपट. काळा कुत्रा तटबंदीसमोर बसवला की फोटोत फक्त दोन डोळे आणि जीभ उरते. काळ्या कुत्र्याला गवत किंवा आकाश द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गडावरचं गवत पिवळं पडतं, तेव्हा काळा कुत्रा त्यावर कोरल्यासारखा उठून दिसतो. पण तेच गवत तांबूस गावठी कुत्र्याला गिळून टाकतं, त्याला मात्र काळा दगड शोभतो.

तिसरी, मागचं दृश्य कुत्र्यापासून किती लांब आहे. कुत्रा भिंतीला टेकलेला असेल तर कुठल्याही लेन्सने मागचं धूसर होणार नाही. कुत्रा आणि मागचं दृश्य यांत निदान चार-पाच मीटर मोकळे हवेत.

समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीची वेळ बघून जा. पाणी मागे हटल्यावर ओली वाळू आरशासारखी आकाश परतवते आणि हनुवटीखालची सावली आपोआप भरून निघते. गुहागर, आंजर्ले किंवा कोकणातल्या कुठल्याही पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर ओहोटी आणि सूर्यास्त एकत्र आले तर ती संध्याकाळ वाया घालवू नका. भरती-ओहोटीच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात, त्यामुळे आज जमलं नाही तर उद्याचा अंदाज करता येतो.

तपासा: ठरवलेल्या जागी कुत्र्याऐवजी बॅग ठेवा आणि एक फोटो घ्या. खांब, तार, कचरापेटी, कुणाचे पाय फ्रेममध्ये येतायत का? आत्ताच दोन पावलं सरका.

## टप्पा ३: सेटिंग, कुत्रा येण्यापूर्वी

कुत्रा समोर बसल्यावर बटणं शोधायची नाहीत.

शटर (फोटो टिपायचा वेळ): बसलेल्या कुत्र्याला किमान १/२५० सेकंद. तो स्थिर दिसला तरी धापा टाकत असतो आणि डोकं सतत हलत असतं. चालणाऱ्याला १/५००, धावणाऱ्याला १/१००० ते १/२०००. उजेड कमी असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही.

ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं): सर्वांत जास्त फोटो इथे बिघडतात. मागचं धूसर हवं म्हणून एफ/१.८ लावतात आणि मग नाक स्पष्ट, डोळे पुसट. हिशेब बघा. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने दीड मीटरवरून एफ/१.८ ला फोटो घेतला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. माणसाच्या चेहऱ्याला तेवढा कसाबसा पुरतो, कुत्र्याच्या थुतरीला पुरत नाही. एफ/५.६ ला तोच पट्टा दहा सेंटिमीटरच्या आसपास जातो. म्हणून एफ/४ ते एफ/५.६ मध्ये राहा. कारवानसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्याला समोरून घेताना ॲपर्चर आणखी थोडं बंद करा (एफचा आकडा वाढवा), नाहीतर त्याला तिरका बसू द्या. या जातीचं सौंदर्य तसंही बाजूनेच दिसतं. मागचं धूसर करायचं काम ॲपर्चरऐवजी मागच्या मोकळ्या अंतरावर सोपवा.

फोकस: सतत फोकस धरणारा मोड लावा. प्राण्यांचे डोळे ओळखणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर ती ‘माणूस’वरून ‘प्राणी’वर आणा. हे विसरणारे पुष्कळ. सोय नसेल तर एकच फोकस बिंदू घ्या आणि तो कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवा.

एक्सपोजर: कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम राखाडी वाटतं. फ्रेमभर काळा कुत्रा असेल तर तो त्याला उजळून राखाडी करतो, पांढरा असेल तर मळकट करतो. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) काळ्यासाठी –०.७ ते –१ आणि पांढऱ्यासाठी +०.७ ते +१. काळा-पांढरा बांडा असेल तर पांढऱ्या भागाकडे बघून ठरवा. पांढऱ्यातला तपशील एकदा जळाला की परत येत नाही. काळ्यातून थोडाफार निघतो.

मोबाइलसाठी: स्क्रीनवर दिसणाऱ्या कुत्र्याच्या डोळ्यावर बोट ठेवून दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे अडकतो. मग बोट वर-खाली सरकवून उजेड कमी-जास्त करा. पोर्ट्रेट मोड वापरलात तर कानांच्या कडा आणि मिशा मोठ्या करून बघा, तिथे मोड हमखास चुकतो.

इशारा: फ्लॅश बंद. कुत्र्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशने डोळे हिरवे-पिवळे पेटतात. माणसांसाठीचं ‘रेड आय’ टूल त्यावर चालत नाही. शिवाय अनोळखी कुत्रा दचकतो ते वेगळंच.

## टप्पा ४: आता कुत्रा

घाई महाग पडते ती इथे.

कुत्र्याचा मालक असेल तर आधी त्याला विचारा. “काका, कुत्रा अंगावर येतो का? दोन फोटो घेऊ का?” उत्तर नव्वद टक्के वेळा “काही करत नाही तो” असंच येतं. ते ऐका, पण विश्वास कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या खुणांवर ठेवा. शेपूट पोटाखाली, कान मागे चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसतोय, अंग ताठ, तोंड एकदम मिटलेलं, भूक किंवा झोप नसताना सारखं ओठ चाटणं किंवा जांभया देणं: यातलं काहीही दिसलं तर फोटो नाही. शेपूट हलतंय म्हणजे दोस्ती झाली, असंही नाही. ताठ उभं राहून भराभर हलणारं शेपूट हा इशारा असतो.

मग खाली बसा. पण कसं, ते महत्त्वाचं. आपल्याकडचा रस्त्यावरचा कुत्रा ‘हाड’ ऐकत मोठा झालेला असतो. माणूस वाकला म्हणजे दगड उचलणार, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याच्याजवळ जाऊन फोटोसाठी वाकलात की तो पळणार किंवा उलटून भुंकणार. म्हणून तो लांब असतानाच, त्याच्याकडे पाठ किंवा बाजू करून, ठरवलेल्या जागी पोतं अंथरून बसून घ्या. कॅमेरा मांडीवर. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. बहुतेक कुत्री पाच-दहा मिनिटांत स्वतः चौकशीला येतात. आला तर मुठीची मागची बाजू हुंगू द्या, डोक्यावर हात नको.

गडावरच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी. तिथली कुत्री ट्रेकर्सना सरावलेली असतात, पायथ्यापासून वाट दाखवत वरपर्यंत येतात आणि पिशवीचा आवाज झाला की कुशीत घुसतात. तिथे अडचण कुत्रं लांब राहण्याची नसते, लेन्स चाटण्याची असते. जोडीदाराला तीन मीटरवर बसवा आणि खाऊ त्याच्याकडे द्या.

धनगरांच्या कळपाबरोबरची कुत्री हा विषय तिसरा. ती राखणीला असतात आणि काम चोख करतात. मेंढ्यांच्या आणि कुत्र्याच्या मध्ये जाऊ नका. आधी धनगरदादांना लांबून हाक मारा, त्यांनी कुत्र्याला बोलावून घेतल्यावरच पुढे जा, आणि झूम वापरा.

इशारा: खाणारा कुत्रा, पिल्लांजवळची कुत्री आणि साखळीला बांधलेला कुत्रा, या तिघांपासून लांब. रस्त्यावरच्या कुत्र्यांत पिल्लं बरीचशी थंडीत होतात, नेमकी आपल्या सहलींच्या दिवसांत. गडाच्या कड्याजवळ कुत्र्याला खाऊ दाखवून नेमकं उभं करायचा खेळ कधीच नको.

इशारा: दात किंवा नख लागलं, कितीही बारीक असो, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. सहल अर्धवट राहिली तर राहू द्या.

## टप्पा ५: फोटो

कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर किंवा किंचित खाली. कोपर गुडघ्यावर टेकवा. आधी त्याच्याकडे दुर्लक्ष करत शेजारच्या दगडाचे दोन-तीन फोटो घ्या, म्हणजे शटरचा आवाज ओळखीचा होतो. मग त्याच्याकडे वळा.

डोळ्यांत आकाशाचा ठिपका दिसतोय का बघा. गडद तपकिरी डोळ्यांच्या कुत्र्यात तो नसेल तर चेहरा निर्जीव दिसतो. कुत्र्याला ढकलू नका. तुम्हीच अर्धवर्तुळात सरका. तो तुमच्याकडे मान वळवेल आणि ठिपका येईल.

आवाज हे हुकमाचं पान आहे आणि ते एकदाच चालतं. जिभेने ‘टक’ केलं की कान उभे, मान तिरकी. दुसऱ्या वेळी अर्धा परिणाम, पाचव्या वेळी तो जांभई देतो. म्हणून फ्रेम जुळली, फोकस लागला, बोट शटरवर आहे, तेव्हाच आवाज. ‘यू यू’ म्हणून बोलावू नका, तो खरोखरच उठून येतो. आणि बिस्किटाच्या पुड्याचा आवाज तर मुळीच नको, सगळं गाव गोळा होईल.

लहान बर्स्ट घ्या, म्हणजे लागोपाठ तीन-चार फोटो. मग थांबा. उत्तम चेहरा पुष्कळदा आपण थांबल्यावर येतो, तो जीभ आत घेतो आणि लांब कुठेतरी बघतो तेव्हा. कॅमेरा लगेच खाली ठेवू नका.

त्याच बैठकीत आणखी दोन फोटो घेऊन ठेवा, पुढे एडिटिंगला लागतील. एक, कुत्रा बाजूने, उजळ आकाशासमोर, पूर्ण काळी आकृती येईल असा. तुम्ही खाली बसलेले असाल तर क्षितिज आपोआप खाली जातं. दुसरा, त्याच ठिकाणच्या निसर्गाचा: डोंगररांग, माडांची ओळ, काहीही.

तपासा: निघण्यापूर्वी एक फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करा. जवळच्या डोळ्याची पापणी दिसते का? नसेल तर अजून बसा. खाऊ आता द्या, आधी नाही.

## टप्पा ६: निवड

एडिटिंगला बसल्यावर पहिला अर्धा तास फक्त काढून टाकण्याचा. प्रत्येक फोटो १०० टक्क्यांवर, फक्त डोळा बघायचा. डोळा पुसट म्हणजे फोटो बाद, चेहऱ्यावरचा भाव कितीही गोड असो. एका कुत्र्याचे जास्तीत जास्त दोन फोटो ठेवा. हे जमत नाही म्हणूनच आपले अल्बम कुणी शेवटपर्यंत बघत नाही.

## टप्पा ७: दुरुस्ती, याच क्रमाने

क्रॉप आणि क्षितिज. समुद्र तिरका नको. कुत्रा ज्या दिशेला बघतोय तिकडे जास्त जागा सोडा. कानाचं टोक किंवा पंजा कापला जात असेल तर धीटपणे आणखी आत कापा. थोडंसं कापलेलं चुकीसारखं दिसतं.

उजेड. पांढऱ्या कुत्र्याला हायलाइट्स (उजळ भाग) कमी करा, केस दिसू लागतील. काळ्या कुत्र्याला शॅडोज (गडद भाग) वाढवा, पण ‘ब्लॅक्स’ला (अगदी काळ्या भागाला) हात लावू नका. दोन्ही वाढवलं की काळा कुत्रा राखेत लोळून आल्यासारखा दिसतो आणि केसांत जांभळट दाणे उठतात.

रंगाची झाक. सावलीत काळ्या केसांवर आकाशाची निळी झाक येते, झाडाखाली पांढऱ्यावर हिरवी, लाल मातीवर गुलाबी. पूर्ण फोटोचा व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं यासाठीची रंगाची सेटिंग) आधी नीट करा. झाक उरलीच तर फक्त त्या भागावर मास्क घालून (बदल तेवढ्यापुरताच ठेवून) त्या रंगाचं सॅच्युरेशन (तीव्रता) कमी करा.

डोळे. बुबुळावर छोटा मास्क, उजेड ०.३ ते ०.५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). यापुढे गेलात की डोळ्यांत बल्ब लावल्यासारखं दिसतं. फ्लॅशने पेटलेले डोळे दुरुस्त करायचेच असतील तर लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘पेट आय’ हा वेगळा पर्याय आहे.

डागडुजी. डोळ्यांतली चिपडं, नाकावरची वाळू, गळ्यातली दोरी हीलिंग टूलने काढा. जुनी जखम, फाटका कान, म्हाताऱ्या तोंडावरचे पांढरे केस राहू द्या. कानाचा टोकाकडचा कापलेला तुकडा तर नक्कीच भरू नका. नसबंदी झालेल्या कुत्र्याची ती खूण असते.

धार. आधी नॉइज (फोटोतले दाणे) कमी करा, मग शार्पनिंग. शार्पनिंग डोळे, नाक आणि चेहऱ्यापुरतं. ‘क्लॅरिटी’ किंवा स्नॅपसीड या मोबाइल ॲपमधलं ‘स्ट्रक्चर’ पूर्ण फोटोवर ओढलं की मऊ केसांचा काथ्या होतो आणि मागचं धूसर गवतही टोचू लागतं.

तपासा: मूळ आणि दुरुस्त फोटो आलटूनपालटून बघा. कुत्र्याच्या मालकाला ‘हा आमचाच’ असं वाटेल ना?

## टप्पा ८: कल्पकता

दुरुस्ती झाल्यावर फाइलची एक प्रत करा आणि खेळ त्या प्रतीवर करा.

तयार फिल्टरांबद्दल एकच गोष्ट. नारिंगी-निळे ‘सिनेमॅटिक’ फिल्टर आपल्या गावठी कुत्र्यांसाठी सर्वांत वाईट. त्यांचा रंगच तांबूस, फिल्टर लावला की कुत्रा केशरी होतो. लावायचाच असेल तर नंतर नारिंगीचं सॅच्युरेशन कमी करून तो रंग थोडा पिवळ्याकडे सरकवा.

कृष्णधवल करताना नुसता रंग काढून टाकू नका. तांबूस कुत्रा आणि हिरवं गवत दोन्ही एकाच राखाडीत येतात. रंगांच्या मिक्सरमध्ये नारिंगी उजळा आणि हिरवा-पिवळा गडद करा, कुत्रा वेगळा होईल.

प्रवास आणि कुत्रा एका चित्रात आणायचा सर्वांत समाधान देणारा प्रकार म्हणजे डबल एक्सपोजर: कुत्र्याच्या आकृतीच्या आत ते ठिकाण. स्नॅपसीडमध्ये तो असा करा:

१. टप्पा ५ मधला काळ्या आकृतीचा फोटो उघडा. कर्व्हमध्ये (उजेडाची रेषा ओढून बदलायचं टूल) आकृती पूर्ण काळी आणि आकाश जवळजवळ पांढरं होईपर्यंत कॉन्ट्रास्ट वाढवा. ही पायरी गाळली की पुढचं सगळं फसतं.

२. निसर्गाचा फोटो आधी वेगळा उघडून थोडा गडद करून जतन करा.

३. आकृतीच्या फोटोवर ‘डबल एक्सपोजर’ निवडून निसर्गाचा फोटो जोडा. बोटांनी तो सरकवा, मोठा करा. डोंगराची कड मानेच्या किंवा पाठीच्या रेषेशी जुळवता आली तर उत्तम. डोळ्याच्या जागी सूर्य आणू नका, ती युक्ती फार झाली.

४. मिश्रणाचा प्रकार ‘लाइटन’ ठेवा. दोन्हींपैकी जो भाग उजळ तो दिसतो, त्यामुळे निसर्ग फक्त काळ्या आकृतीत उतरतो आणि पांढरं आकाश तसंच राहतं.

५. आकाशात निसर्गाची पुसट छाया दिसत असेल तर पहिल्या पायरीवर परत जा, आकाश पुरेसं पांढरं झालेलं नाही. ब्रशने खोडत बसू नका.

कान, थुतरी आणि शेपूट यांची बाह्यरेषा स्पष्ट नसेल तर चित्र कुत्र्याचं आहे की बकरीचं, कळत नाही. म्हणून आकृती नेहमी बाजूने.

## टप्पा ९: पाठवणं आणि छापणं

ऑनलाइन टाकायच्या फोटोची रंगव्यवस्था एसआरजीबी (बहुतेक स्क्रीन वापरतात ती) ठेवा, नाहीतर दुसऱ्याच्या मोबाइलवर रंग फिके दिसतील. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि केसांचा तपशील आधी जातो.

छापण्यासाठी ३०० पीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) धरा. ८×१२ इंचाला २४००×३६०० पिक्सेल, १२×१८ ला ३६००×५४००. क्रॉप केल्यावर तेवढे उरलेत का, हे लॅबला देण्यापूर्वी बघा. छापील फोटो गडद येतो ही नेहमीची तक्रार असते. तिचं कारण बहुतेक वेळा आपल्या स्क्रीनची वाढवलेली ब्राइटनेस. एडिटिंग करताना ती निम्म्यावर ठेवा आणि काळ्या कुत्र्याची आधी एक ४×६ प्रत काढून बघा. त्याच्यासाठी कागद मॅट घ्या, चकचकीत कागदावर काळ्या भागात खिडकीच दिसते. चहाच्या टपरीवरचा किंवा मुक्कामाच्या घरचा कुत्रा असेल तर त्या ४×६ च्या दोन प्रती काढा आणि एक मालकाला पोस्टाने पाठवा. पत्ता मात्र निघतानाच विचारून ठेवावा लागतो.